पहिला ऑपेरा ऐकायला जाताना, आपल्या कानांसह

पहिला अंक निम्मा झाला होता तेव्हा बाबांनी माझ्याकडं वाकून विचारलं, "माइक कुठं लपवलेत गं यांनी?"

माइक नव्हतेच. तसं सांगूनही त्यांचा विश्वास बसला नाही. मध्यंतरात ते पार पुढं, वादकांच्या खड्ड्यापर्यंत जाऊन आले. वाकून आत पाहिलं, मान वर करून छत पाहिलं. परत आले ते काही न बोलता कठड्याला टेकून उभे राहिले. मिरजेत चाळीस वर्षं हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना त्यांनी ऑर्गनची साथ केली. माइक आल्यावर नटांचे गळे कसे मऊ पडले, यावर ते घरी तासभर बोलू शकत. त्या संध्याकाळी मात्र ते गप्प झाले होते.

मी सतरा वर्षं व्हिएन्नात राहते. नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, संगीताशी नातं फक्त ऐकण्याचं. गावाकडून जो कुणी येईल, मग ती आत्या असो, मावसभाऊ असो की शेजारच्या काकू, त्याला मी एक संध्याकाळ स्टाट्सओपरमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या ऑपेरागृहात नेते. कुणी भारावून जातं, कुणी पेंगतं. कोण कशामुळं पेंगतं, हे मला आता बऱ्यापैकी कळायला लागलंय. नाट्यगीतं, अभंग, ख्याल ऐकत वाढलेल्या माणसानं पहिला ऑपेरा कसा ऐकावा, एवढंच इथं सांगते.

पहिला कुठला?

माझी स्वतःची सुरुवात चुकली होती. इथं आले त्या पहिल्याच वसंतात, ईस्टरच्या सुमाराला, कामावरच्या बाईंनी त्यांचं तिकीट दिलं म्हणून वाग्नर या जर्मन संगीतकाराचा 'पार्सिफाल' ऐकायला गेले. चार तासांचं संगीत, मध्यंतरं धरली तर पाच तासांच्या वर. पहिल्या अंकात गुर्नेमान्झ नावाचा वृद्ध सरदार जुनी हकीकत सांगत राहतो, सांगतच राहतो. मला गोष्ट ठाऊक नव्हती, भाषा धड येत नव्हती. पहिल्या मध्यंतरात कोट घेऊन घरी गेले आणि पुढची दोन वर्षं ऑपेराचं नाव काढलं नाही. तोच 'पार्सिफाल' आज मला फार जवळचा आहे. पण ज्यानं आजवर एकही ऑपेरा पाहिला नाही त्याला मी तो दाखवणार नाही. नवख्या माणसाला कुणी थेट विलंबित ख्यालाच्या बैठकीत पुढं बसवत नाही, तसंच.

पहिला ऑपेरा म्हणून मी पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा 'ला बोएम' सुचवते. संगीत पावणेदोन तासांच्या आसपास, चार आटोपशीर अंक. राजे नाहीत, देव नाहीत, शापही नाहीत. पॅरिसमधल्या पोटमाळ्यावर राहणारी, भाडं थकलेली चार पोरं आणि शेजारच्या खोलीत भरतकाम करून पोट भरणारी एक मुलगी. कोल्हापुरात नाहीतर पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकलेल्या कुणालाही ती खोली लगेच ओळखीची वाटेल. १ फेब्रुवारी १८९६ला तूरिनमध्ये याचा पहिला प्रयोग झाला. संगीत संचालन करत होता पुढं जगभर गाजलेला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा तोस्कानिनी.

मुलं बरोबर असतील तर मोझार्टची 'जादूची बासरी' बघा. यात गाण्यांच्या मधे चक्क गद्य संवाद आहेत, आपल्या संगीत नाटकासारखे, त्यामुळं आपल्या माणसाला ते पटकन जमतं. व्हिएन्नाच्या उपनगरातल्या साध्या लोकांच्या नाट्यगृहासाठी मोझार्टनं ते लिहिलं. ३० सप्टेंबर १७९१ला ते रंगमंचावर आलं आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला मोझार्ट गेला. बिझेची 'कार्मेन' हाही चांगला पर्याय, कारण त्यातल्या दोन-तीन चाली तुमच्या कानांवरून आधीच गेलेल्या असतात.

घरी करायची तयारी

गोष्ट आधी पूर्ण वाचा, शेवटासकट. "मग मजा काय राहिली?" असं मावसभावानं विचारलं होतं. त्याला मी उलट विचारलं, शाकुंतलाला जाणाऱ्या कुणाला दुष्यंत अंगठी ओळखतो की नाही हे ठाऊक नसतं? ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' बघायला बसलेल्यांनाही गोष्ट पाठच होती. ते ऐकायला आले होते. काय घडतं यापेक्षा कसं गायलं जातं, यावर लक्ष ठेवायची सवय आपल्याला आहेच. तीच इथं लागते.

मग पूर्ण ऑपेरा ऐकायच्या भानगडीत पडू नका. फक्त पहिल्या अंकाचा शेवट ऐका, साधारण पंधरा मिनिटं, आठवडाभर रोज, स्वयंपाक करताना सुद्धा चालेल. प्रसंग असा: नाताळची आदली रात्र. मित्र खाली कॅफेत गेलेत, कवी रोदोल्फो एकटा लिहीत बसलाय. शेजारची मिमी विझलेली मेणबत्ती पेटवायला येते. तिची किल्ली पडते, दोघांच्याही मेणबत्त्या विझतात आणि अंधारात किल्ली शोधताना त्याचा हात तिच्या हाताला लागतो. हात गार पडलेला. इथून त्याचं आरिया सुरू होतं, म्हणजे आपण ज्याला पद म्हणू ते. तुझा हात किती गार आहे, थांब, ऊब देतो. मी कोण? कवी. काय करतो? लिहितो. जगतो कसा? जगतो. मग ती आपली ओळख सांगते. मला मिमी म्हणतात, पण माझं नाव लुचिया. मी कापडावर फुलं भरते, पण माझ्या फुलांना वास नसतो.

हार्मोनियम घरात असेल तर ती पुढ्यात घ्या. पुच्चिनीनं रोदोल्फोला काळी एकमध्ये लिहिलंय आणि मिमीला पांढरी दोनमध्ये. तो थांबतो, ती बोलायला लागते आणि सगळी खोली अर्ध्या सुरानं वर उचलली जाते. मिमीच्या गाण्यात आधी सगळं बारीकसारीक आहे: शिवण, फुलं, एकटीचं जेवण. मग ती म्हणते की बर्फ वितळतं तेव्हा पहिलं ऊन माझं असतं. त्या ओळीवर आवाज असा उघडतो की मी अजूनही दर वेळी श्वास धरते. ही एवढी पंधरा मिनिटं ओळखीची करून जा. मग उरलेला सव्वा-दीड तास आपोआप उलगडतो.

कानाला काय खुपतं

आपल्या माणसांना दोन गोष्टी खुपतात, आणि त्या कुणी आधी सांगत नाही.

पहिली, सुराचा कंप. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "सूर लावते आणि हलवते कशाला?" आपल्याकडं स्थिर सूर ही साधना आहे. आंदोलन घ्यायचं ते विशिष्ट स्वरावर, विशिष्ट रागात. इथं पूर्ण ताकदीनं खुला सोडलेला आवाज सहज कंप पावतो आणि या परंपरेत तो आवाजाचा प्राण मानला जातो. वाद घालू नका, वीस मिनिटं द्या. कान जुळवून घेतो. बाबांचा तर दहा मिनिटांत जुळला.

दुसरी गोष्ट जास्त खोलवरची. तानपुरा नाही. आपण षड्जाच्या जमिनीवर उभं राहून सगळं ऐकतो. इथं मिनिटा-दोन मिनिटांनी जमीनच सरकते, आधारस्वर बदलतो, आणि नवख्या कानाला हरवल्यासारखं वाटतं. यावर माझा उपाय साधा आहे. गायकाचा सूर सोडा आणि खाली खर्जात वाजणारी मोठी तंतुवाद्यं, चेलो आणि डबल बास, काय करताहेत तिकडं कान लावा. घर कुठं हललं ते तिथं कळतं. आणि घर हलण्यात अर्थ असतो. मिमीचा अर्धा सूर हे त्याचंच उदाहरण.

एक गोष्ट ऑपेरात मिळणार नाही, ती शोधू नका. सूर लिहिलेले आहेत, बढत नाही. एखादी तान आज सुचली म्हणून गायली, असं होत नाही. कलावंताची निवड असते ती आवाजाच्या रंगात, श्वासात, शब्द कुठं दाबला नि कुठं सोडला त्यात.

माइकशिवाय

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधून त्यांना फोनवर सांगितलं होतं, ते इथं देते. ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा जोर साधारण पाचशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाचशे कंपनांच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि तिथून वर उतरत जातो. तयार पुरुषी आवाज गळ्यातली पोकळी अशी जुळवून घेतो की तीन हजार हर्ट्झच्या आसपास त्याला धार येते. त्या पट्ट्यात वाद्यांची दाटी कमी असते, शिवाय माणसाचा कानही तिथं तीक्ष्ण. म्हणून साठ-सत्तर वाद्यं वाजत असतानाही एक माणूस वरच्या गॅलरीपर्यंत पोचतो. ओरडून हे होत नाही. बायकांच्या उंच आवाजांचं गणित थोडं निराळं आहे, त्यांचे स्वरच एवढे वर असतात की वाद्यांच्या डोक्यावरून निघून जातात.

माझ्या लेखी ऑपेराला एकदा तरी जावं याचं पहिलं कारण हेच. आपण आता गाणं जवळजवळ नेहमीच स्पीकरमधून ऐकतो, गायक दहा फुटांवर असला तरी. गळ्यातून निघालेली हवा थेट तुमच्या छातीवर येऊन आदळते तेव्हा शरीराला काय होतं, ते आपण विसरलो आहोत. हे रेकॉर्डिंगवर कळत नाही, कितीही महागडे हेडफोन घेतले तरी.

तिकीट आणि उभं राहणं

स्टाट्सओपरमध्ये चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या पुढं मोजावे लागतात. पण उभ्यानं ऐकायच्या जागा वीस युरोंच्या आत मिळतात, आणि त्या प्रयोगाच्याच दिवशी विकल्या जातात. जर्मनमध्ये श्टेप्लाट्झ म्हणतात. सर्वांत चांगली जागा तळमजल्यावर, खुर्च्यांच्या मागं मधोमध, जिथून अख्खा रंगमंच समोर दिसतो. ती हवी असेल तर लवकर जाऊन रांग धरा. वर गॅलरीत दृश्य लांब असतं, पण आवाज सुरेख येतो.

आत गेलात की आपली जागा धरायची रीत आहे: कठड्याला मफलर किंवा स्कार्फ बांधायचा. बांधला की जागा तुमची. मग खुशाल बाहेर फिरून या, पाणी प्या. कुणी तो सोडत नाही. वर्षानुवर्षं येणारी म्हातारी माणसं इथं भेटतात. त्यांना सांगा की पहिलीच खेप आहे. शंभरातली नव्वद तरी तुम्हाला सरकून जागा देतील आणि पुढं काय होणार तेही सांगतील.

समोर कठड्यावरच छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीसह अनेक भाषांत शब्द सरकतात. गोष्ट वाचून गेला असाल तर त्याच्याकडं फार बघू नका. जाड कोट आत नेता येत नाही, खाली गार्डरोबमध्ये द्यावा लागतो. कपडे नीटनेटके हवेत, बस. साडीत चार-पाच तास उभं राहता येतं, आत्यानं दाखवून दिलंय. चपला मात्र मऊ. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत, यात गयावया चालत नाही. फोन बंद.

आत, दिवे गेल्यावर

'ला बोएम'ला नांदी नाही. पडदा उठतो तो थेट पोटमाळ्यावरच्या थट्टामस्करीत. इथं इटालियन दिग्दर्शक झेफिरेल्लीनं १९६३ साली बसवलेलं रूप अजून चालतं. दुसऱ्या अंकात पॅरिसचा अख्खा रस्ता उभा राहतो, पोरं खेळणीवाल्याच्या मागं धावतात, शेवटी लष्करी बँड येतो. इथं शब्द सोडून द्या आणि डोळे भरून घ्या.

तिसऱ्या अंकासाठी मात्र सावध व्हा. माझ्या लेखी ऑपेराचं दुसरं कारण तिथं आहे. फेब्रुवारीची पहाट, बर्फ, शहराचा जकात नाका. रोदोल्फो त्याच्या मित्राला, मार्चेल्लोला सांगतो की मिमी मरणार आहे, माझी खोली गार आहे, माझ्याजवळ तिला जगवण्यासारखं काही नाही. झाडामागं लपलेली मिमी हे ऐकते. खोकल्यामुळं ती सापडते. मग दोघं ठरवतात: वेगळं व्हायचं, पण आत्ता नको, हिवाळ्यात एकटं राहणं म्हणजे मरण, वसंतापर्यंत थांबू. ते दोघं असं हळुवार गात असतात आणि त्याच वेळी बाजूला मार्चेल्लो आणि त्याची प्रेयसी मुझेत्ता कडाकडा भांडतात. साप, बेडूक, चेटकीण अशा शिव्या चालतात. चार माणसं, दोन संपूर्ण वेगळ्या भावना, एकाच क्षणी, आणि कान दोन्ही ऐकतो.

हे आपल्या संगीत नाटकात नाही. आपल्याकडं एक पात्र गातं, बाकीची थांबतात. त्या एका पदात काय काय होऊ शकतं हे आपण जगाला दाखवून द्यावं इतकं मोठं आहे. पण चार जणांनी एकाच वेळी आपापलं सत्य गावं आणि कुणाचंही दुसऱ्याखाली दबू नये, ही सोय फक्त स्वरसंवादाच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर जुळवणाऱ्या संगीतात आहे. गद्य नाटकात चौघं एकदम बोलले तर गोंगाट होईल. बाबांनी त्या चौकडीत कठडा दोन्ही हातांनी धरला होता. ऑर्गनवर दोन हातांनी जे करायचा प्रयत्न आयुष्यभर केला, ते समोर माणसांचे गळे करत होते.

याची चटक लागली तर पुढची पायरी मोझार्टचा 'फिगारोचं लग्न'. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघांचं भांडण सुरू होतं आणि एकेक पात्र येत येत सात जण होतात. वीस मिनिटं संगीत कुठं थांबत नाही. याच ऑपेरात केरुबीनो नावाचा वयात येणारा पोरगा आहे आणि तो बाईच गाते, पहिल्या प्रयोगापासून. आत्या म्हणाली, "म्हणजे बालगंधर्वांच्या उलट." अगदी तसंच, आणि त्यामुळं ती सगळ्यात आधी त्या पात्राच्या प्रेमात पडली. १ मे १७८६ला व्हिएन्नात याचा पहिला प्रयोग झाला. पुढच्या खेळांत लोकांनी इतके वन्स मोअर घेतले की सम्राट दुसऱ्या योसेफनं त्याच महिन्यात हुकूम काढला: एकाहून जास्त आवाजांची गाणी परत गायची नाहीत. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की मिरजेत परतल्यावर त्यांनी ती गल्लीभर सांगितली.

टाळ्यांचं विचाराल तर आरिया संपल्यावर वाजवतात. शंका असेल तर शेजारच्या म्हाताऱ्यांकडं बघा. चाललेल्या सुरावर "वाह" म्हणायची आपली सवय आवरावी लागते. ते जड जातं, मला माहीत आहे.

चौथ्या अंकात एवढंच करा: रोदोल्फोकडं लक्ष ठेवा. मिमी परत त्याच खोलीत आणली जाते. दोघं जुनी आठवण काढतात आणि ऑर्केस्ट्रात हळूच पहिल्या अंकातला तो गार हात परत येतो. तेच स्वर. आठवडाभर स्वयंपाकघरात ऐकलेली पंधरा मिनिटं इथं तुम्हाला भेटतात. ज्यानं तयारी केली नाही त्याला ही नुसती गोड धून वाटते. मग मिमी जाते, आवाज न करता. खोलीतल्या सगळ्यांना कळतं. रोदोल्फोला सगळ्यांत शेवटी.

व्हिएन्ना लांब आहे

मुंबईत असाल तर नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात. तो आवाज स्पीकरमधून येतो, पण चेहरे जवळून दिसतात आणि गोष्टीची पकड बसते. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस बरीच वर्षं बंद राहून २०१६ साली पुन्हा उघडलं, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथं गायल्या. तिथं कार्यक्रम असेल तर नुसती इमारत बघायला म्हणूनही जा. घरी बसून बघायचं तर ऑपेराव्हिजन या संकेतस्थळावर युरोपातल्या नाट्यगृहांचे पूर्ण प्रयोग इंग्रजी शब्दांसह फुकट आहेत. एका बैठकीत एकच अंक बघा. मधे थांबून चहा घ्या, परत बसा.

आणि इकडं यायचं ठरलं तर वसंतातल्या आणि सप्टेंबरमधल्या काही संध्याकाळी स्टाट्सओपरच्या बाजूच्या चौकात मोठ्या पडद्यावर आतला प्रयोग जसाच्या तसा दाखवतात, तिकिटाशिवाय. पाहुण्यांना पेंग येईल अशी धास्ती असेल तर मी आधी त्यांना तिथं खुर्ची देऊन बसवते. दुसऱ्या दिवशी आत.

येताना बॅगेत एक मफलर टाका, उन्हाळा असला तरी. कठड्याला बांधायला लागतो. बाबांनी त्या रात्री त्यांचा तपकिरी, कानटोपीसारखा डोक्याला गुंडाळायचा मफलर बांधला होता, मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमधून घेतलेला. जाताना तो माझ्याकडंच ठेवून गेले. परत यायचं होतं, 'फिगारो' ऐकायला. ते जमलं नाही. मी अजून तोच बांधते.